भूगोलाच्या कपाटातला कुपा

नवी पेठ, जळगाव
रविवार, २२ डिसेंबर १९६८

तीर्थस्वरूप सौ. अक्का हिस,

धाकट्या सुनंदाचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून. परवा झाडताना कमरेत उसण भरली, तेव्हा सध्या मी ज्याला त्याला वाकूनच नमस्कार करते. तुझा मात्र मनापासूनचा धर.) तुझ्या गुडघ्याला निर्गुडीचा शेक लागू पडला का? भावोजींनी तपकीर सोडली असं तू लिहिलंस, पण पत्राच्या घडीत तपकिरीची चिमूट सापडली, तेव्हा तू काय ते समज. बाबांचा उजवा मोतीबिंदू पिकला का? बाबांना माझा नमस्कार सांग. दर पत्रात तू लिहितेस, नमस्कार सांगितला, बाबा 'हं' म्हणाले. चौदा वर्षांतली ती सगळी 'हं' मी जपून ठेवली आहेत. एकातही बदल नाही, म्हणजे प्रकृती चांगली असावी.

दोन महिने पत्र नाही म्हणून तू रागावलीस ते बरोबरच आहे. पण मी आजारी नव्हते, आणि शाळेचं कामही नेहमीएवढंच होतं. कारण होतं एक मासा. तोही मेलेला, शिजवलेला आणि पत्र्याच्या डब्यात बंद केलेला. त्याच्या पायी मला भुसावळला जावं लागलं, धुळ्याला जावं लागलं, सरकारी प्रशस्तिपत्रक घ्यावं लागलं आणि मोठ्या बाईंशी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांशी, धडधडीत खोटं बोलावं लागलं. सगळं क्रमानं सांगते. तू चूल बंद करून बैस.

आधी एक गोष्ट. मी इथं उपाशी आहे असा समज करून घेऊ नकोस. सहा वर्षं धुळ्यात आणि आठ वर्षं जळगावात काढल्यावर माझी जीभ निम्मी खानदेशी झाली आहे. शेवभाजी खाताना डोळ्यांतून पाणी येतं आणि तरी आणखी वाढा म्हणते. भरताच्या वांग्यांच्या दिवसांत तर मी कोकण विसरते (सोमवार ते शनिवार). पण रविवार आला की माझं काहीतरी बिनसतं. सकाळचे दहा वाजले की कान आपोआप रस्त्याकडे जातात. तुला ठाऊक आहे कशासाठी. माशांची पाटी घेऊन कुणी हाक मारत येणार नाही हे चौदा वर्षांत कानांना शिकवता आलं नाही. रस्त्यावरून कल्हईवाला जातो, पिंजारी जातो, आणि मी खिडकीतून मागे होते.

धुळ्याला होते तेव्हा बाजारात सुके बोंबील तरी मिळायचे. जळगावला आल्यावर तेही बंद झालं. माझे घरमालक हस्तीमलशेठ आणि त्यांच्या पत्नी गुलाबबाई जैन. घरात कांदासुद्धा येत नाही. खोली देताना गुलाबबाईंनी लिहून वगैरे काही घेतलं नाही. माझा हात हातात धरून एवढंच म्हणाल्या, "बाई, ज्याला डोळे होते असं काही माझ्या घरात आणू नका." मी शब्द दिला. त्यानंतर दुसऱ्याच वर्षी मला विषमज्वर झाला तेव्हा या बाईनं एकवीस दिवस माझ्या उशाशी बसून मुगाचं पाणी पाजलं. असा माणूस शब्द मागतो तेव्हा तो मोडायची सोय उरत नाही. (बटाट्याला डोळे असतात की नाही यावर आमची एकदा चर्चा झाली होती. बटाटा वेगळ्याच कारणानं बाद निघाला.)

तर झालं असं, की यंदा नारळी पौर्णिमेला मी नेहमीप्रमाणे मेहरूणच्या तलावावर गेले. इथं समुद्र नाही, म्हणून मी दरवर्षी तलावालाच नारळ देते. तलावाला तो नको असतो हे मला कळतं, पण त्या दिवशी हातात नारळ घेऊन घरात बसवत नाही. डोळे मिटून नारळ सोडला, दोन मिनिटं उभी राहिले, आणि वळते तो मागून पाण्यात खळबळ झाली. एक उंच गृहस्थ विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यातून बाहेर येत होते आणि त्यांच्या हातात माझा नारळ होता. "बाई, तुमना नारय पानीमा पडी ग्या व्हता," असं म्हणून त्यांनी तो रुमालानं पुसून माझ्या हातात दिला.

आता अशा माणसाला काय सांगायचं? मी म्हटलं, पडला नाही, मी समुद्राला दिला. ते तलावाकडे बघत राहिले. मग फार विचार करून म्हणाले, "समुद्राचा आहे तर इथं का टाकला? पत्ता चुकला ना." हे चुडामणभाऊ. चोपड्याच्या केळीबागाईतदारांच्या घरातले. भावांनी शेती घेतली, हे रेल्वेत लागले. जळगाव स्टेशनावर पार्सल ऑफिसात कारकून आहेत, वय सत्तेचाळीस, बायको नऊ वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. केळीचे घड वेळेत रवाना करण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे चुकीच्या पत्त्यावर गेलेला माल त्यांना बघवत नाही. नारळ माझ्या हातातून परत घेऊन म्हणाले, द्या, मी पोचवतो.

मला वाटलं, घरी नेऊन चटणी करतील. पाचव्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभे. मुंबईला जाणाऱ्या एका ओळखीच्या गार्डाजवळ नारळ दिला होता. त्यानं ड्यूटी संपल्यावर चौपाटीवर जाऊन तो पाण्यात सोडला होता आणि परत येऊन तसं सांगितलं होतं. "माल पोचला," एवढं सांगून ते निघून गेले. अक्का, त्या दिवशी सहावीच्या वर्गात मी मान्सूनचे वारे उलट दिशेनं काढले आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग हळूहळू बोलणं होऊ लागलं. ते संध्याकाळी स्टेशनाकडून येताना वाचनालयाशी थांबत, मी पुस्तक बदलायला जात असे. (इतकी पुस्तकं मी ट्रेनिंग कॉलेजातही वाचली नव्हती.) त्यांच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही, मासा त्यांनी आयुष्यात हातात धरलेला नाही, पण मी माशांबद्दल बोलायला लागले की असे ऐकायचे, जसं काही मी त्यांना काशीयात्रा सांगते आहे. एकदा विचारलं, सगळ्यांत आठवण कुठल्या माशाची येते? मी सुरमई सांगणार होते. तोंडातून निघालं, कुपा.

माझं मलाच नवल वाटलं. कुपा म्हणजे आपण दोघींनी नाकं मुरडलेला मासा! बाजारात सगळ्यांत स्वस्त, रक्तानं लालभडक, उष्ण म्हणून शेजारचे घेत नसत. बाबा बंदरावरून येताना शेपटीला धरून आणायचे आणि आपण पडवीतूनच ओरडायचो, आज पण कुपोच? मग बाबा स्वतः विळीवर बसायचे, कारण आईच्या हातून तो निसटायचा. सात पाण्यांत धुवायचे, काळं मांस मांजरीला आणि पांढरं आपल्याला. तिरफळं आणि कोकमाची सोलं घालून कालवण झालं की पोटाकडची मऊ तुकडी गुपचूप माझ्या ताटात पडायची आणि मी ती तुझ्या ताटात ढकलायची. चोवीस-पंचवीस वर्षं मी ती तुकडी ढकलली, आणि आता तापी-गिरणेच्या मधोमध उभी राहून मला तीच हवी होती. हे सगळं मी त्या माणसाला सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "केळीच्या घडाएवढा असतो का?" मी म्हटलं, मोठा असला तर त्याहूनही मोठा. त्यांनी मान डोलावली.

दिवाळीनंतर त्यांनी बातमी आणली. भुसावळला रेल्वेच्या बंगल्यांजवळ लोबो नावाच्या म्हाताऱ्याचं दुकान आहे. ड्रायव्हर-गार्डांच्या घरच्या मडमा तिथं सामान घेतात. लोबोचा भाचा बोटीवर नोकरीला आहे, आणि त्यानं माशाचे डबे आणले आहेत. रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही गेलो. (आम्ही दोघंच गेलो. लिहून टाकते, म्हणजे तुला मधेच थांबून विचार करत बसायला नको.) मी ती जांभळी इरकल नेसले होते. डबा आणायला इरकल कशाला, असा प्रश्न मला गाडी सुटल्यावर पडला.

लोबोंनी काउंटरवर तीन डबे मांडले. तिन्हींवर इंग्रजीत 'ट्यूना' असं लिहिलेलं. हा ट्यूना कोण, मला माहीत नाही! मी भूगोल शिकवते, त्यातून मला एवढं कळतं की तो समुद्रात राहतो. एका डब्यावर पापण्या असलेला मासा हसत होता, एवढं हसण्यासारखं त्याचं काय झालं होतं कोण जाणे. दुसऱ्यावर शिडाचं जहाज. तिसऱ्याचा कागदच निघालेला, नावाची तेवढी लाल पट्टी उरलेली. लोबो इंग्रजीत समजावू लागले: हसरा तो तेलातला, जहाजाचा तो मिठाच्या पाण्यातला, लाल पट्टीचा टोमॅटोच्या रसातला. मी गोंधळून गेले आणि गोंधळले की माझ्या तोंडून घरचं निघतं. "पण ह्यो खंयचो मासो?" असं म्हणून गेले.

लोबोंनी चष्मा कपाळावर चढवला. "बाय, तू खंयची?"

"देवगडची."

"मगे इचारतंस कित्याक? कुपो ह्यो! कुपो!" म्हातारा वेंगुर्ल्याचा निघाला. चाळीस वर्षांपूर्वी रेल्वेच्या खानपानगृहात आला तो इथंच राहिला. त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि अक्का, मी त्या दुकानात, बिस्किटांच्या बरण्या आणि बुटाच्या पॉलिशच्या मधोमध, रडायला लागले. हळू नाही, शाळेतल्या पोरींसारखी हुंदके देऊन. एक मडम चीज घ्यायला आली होती, तिनं मला स्टुलावर बसवलं आणि लोबोंनाच रागे भरली. चुडामणभाऊ टोपी काढून उभे राहिले, कुणी वारल्यावर उभं राहतात तसे.

रडून झाल्यावर निवड करायची होती. लोबो म्हणाले, एकच द्यायला परवडेल, बाकीचे जुन्या गिऱ्हाइकांना कबूल केलेत. आता तेलातला, खारा की तांबडा? मडम म्हणाली तेलातला घे, मऊ राहतो, आमच्या घरी ब्रेडमध्ये घालतात. लोबोंचं मत टोमॅटोचं, कारण गावच्या आंबट कालवणाच्या तो त्यातल्या त्यात जवळ जातो. चुडामणभाऊंचं मत विचारलं नव्हतं. पण माल निवडायचा म्हटल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी प्रत्येक डबा कानाशी हलवला, बोटानं टकटक केलं, वास घेतला (पत्र्याचा), आणि सांगितलं की तिन्हींपैकी हसऱ्यात माल ठासून भरलेला आहे. मी तिन्ही डबे पुन्हा पुन्हा हातात घेतले. पाऊण तास गेला. तुझ्या लग्नाच्या शालूला आईनं एवढा वेळ लावला नव्हता. तेल काय, इथं करडईचं भरपूर. टोमॅटो काय, अंगणातही होतात. शेवटी मी जहाजाचा डबा उचलला. मनात म्हटलं, मिठाचं का होईना, याच्यात पाणी खारं आहे.

मग भानावर आले. हा उघडायचा कुठं? गुलाबबाईंच्या घरात न्यायचा नाही. चुडामणभाऊंच्या खोलीवर जाण्याचा प्रश्नच नव्हता. शाळेत डबा खाताना सगळ्या शिक्षिका एकमेकींच्या ताटात बघतात. तूर्त कुठं तरी ठेवायचा म्हणून मी तो भूगोलाच्या कपाटात ठेवला. तिथं आफ्रिका झिजून गेलेला पृथ्वीचा गोल आहे, कापसाची बोंडं आहेत, दगडांचे सोळा नमुने आहेत. डब्यावर चिठ्ठी चिकटवली, 'नमुना क्र. १७'. दर मधल्या सुट्टीत कपाट उघडून मी त्याच्याकडे बघून येत असे. मोठ्या बाईंनी एकदा विचारलं, हे काय? मी म्हटलं, जपानचा मत्स्योद्योग. त्या म्हणाल्या, वा, तुम्ही किती तळमळीनं काम करता.

तळमळ खरी होती, म्हणून मी गप्प राहिले. पण पुढच्याच आठवड्यात तपासणीचे साहेब आले. त्यांनी नेमकं तेच कपाट उघडलं, नेमका तोच नमुना उचलला आणि म्हणाले, यावर पाठ घ्या, मी मागे बसतो. सातवीचा वर्ग होता. मी जपान शिकवायला लागले. पहाटे होड्या कशा निघतात, बायका ओल्या वाळूत टोपल्या घेऊन कशा उभ्या राहतात, पहिली होडी दिसल्यावर काय ओरडतात, भरती चढताना खडकांचा वास कसा बदलतो, बंदरावरच्या माणसाच्या घरी संध्याकाळी काय शिजतं. नाव जपानचं घेत होते, बंदर मात्र देवगडचं होतं. चाळीस मिनिटांत एका मुलीनं मान वळवली नाही. पाठ संपल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, जपानमध्ये सोलं मिळतात?" मी म्हटलं, मिळतात. देवा, मला क्षमा कर.

साहेब इतके खूश झाले की त्यांनी माझं नाव टिपून घेतलं, आणि नमुना क्र. १७ सुद्धा घेतला. धुळ्याला शैक्षणिक साधनांचं प्रदर्शन भरायचं होतं, तिथं तो ठेवणार होते. मोठ्या बाई टाळ्या वाजवत होत्या. मला काय म्हणता येत होतं? साहेब, तो माझा रविवारचा आहे, असं सांगू?

तर माझा कुपा मला सोडून धुळ्याला गेला. पंधरा दिवस मी काही खाल्लं तरी लक्ष लागेना. चुडामणभाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी पार्सलांच्या वहीत बघावं तसं आकाशाकडे बघितलं आणि म्हणाले, "शेवटच्या दिवशी आपण जाऊ. माल सोडवून आणू." त्याप्रमाणे गेल्या रविवारी आम्ही एस.टी.नं धुळ्याला गेलो. एका शाळेच्या दालनात प्रदर्शन होतं. पहिला क्रमांक शिरपूरकडच्या एका शाळेच्या ज्वालामुखीला. तो दर पाच मिनिटांनी कुंकू ओकत होता आणि बघणाऱ्या सगळ्यांच्या कपाळी आपोआप मळवट भरला जात होता. दुसरा क्रमांक आमच्या डब्याला! काचेच्या पेटीत, तांबड्या मखमलीवर, खाली पाटी: 'मत्स्य (डबाबंद). हात लावू नये.' मला प्रशस्तिपत्रक मिळालं. त्यावर लिहिलं आहे, 'स्थानिक साधनसामग्रीचा कल्पक उपयोग केल्याबद्दल'.

डबा मात्र मिळेना. तिथले व्यवस्थापक म्हणाले, बक्षीसपात्र वस्तू कायमच्या संग्रहात राहतील, नोंद झाली आहे. मी आर्जवं केली. ते हलेनात. तेव्हा चुडामणभाऊ पुढे झाले. अक्का, तोपर्यंत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशीही चढला नाही, पण आत कुठं तरी रेल्वे उभी राहिली.

"साहेब, माल कोणता आहे?"

"मासा."

"म्हणजे नाशवंत. नाशवंत माल किती दिवस ठेवता येतो?"

"अहो, पण तो डबाबंद आहे."

"डबा फुगला तर? मखमलीवर फुटला तर? वास कोणाच्या नावावर नोंदवू?"

व्यवस्थापकांनी पेटीकडे बघितलं, मग मखमलीकडे बघितलं. पाच मिनिटांत किल्ली आली. चुडामणभाऊंनी रीतसर पावती लिहून दिली: 'एक नग मासा, मालकास पोच.'

आता मात्र मी आणखी एक दिवस थांबणार नव्हते. पांझरेच्या काठी, पुलापासून थोडं दूर, दगडावर बसलो. भर दुपार, पाणी घोट्याएवढं. माझ्याजवळ कळण्याची भाकरी होती. डबा होता. डबा उघडायचं काही नव्हतं. (दोन पदव्या, चौदा वर्षांची नोकरी आणि एक प्रशस्तिपत्रक, पण हे सुचलं नाही.) रस्त्याच्या कडेला एक म्हातारा चांभार बसला होता, चुडामणभाऊ त्याच्याकडून आरी आणि हातोडी मागून आले. म्हातारा पाठोपाठ आला, आपली आरी कशावर चालते ते बघायला. "यामा काय शे?" त्यानं विचारलं.

"बाईंचं माहेर," चुडामणभाऊ म्हणाले आणि आरी ठोकू लागले.

ज्या माणसानं जन्मात मासा धरला नाही तो माणूस तोंड एका बाजूला फिरवून, श्वास रोखून, डब्याच्या कडेनं भोकामागून भोक पाडत होता. पत्रा उचकटताना बोट कापलं, डब्यातलं पाणी त्या बोटावर उडालं. ते एकदम हात झटकून म्हणाले, "झोंबतो हो तुमचा समुद्र!" मी रुमाल बांधला. मग ते उठून वरच्या अंगाला दहा पावलं जाऊन पाठमोरे बसले, मला खाताना संकोच वाटू नये म्हणून. चांभारानं आरी पुसली आणि तोही भला माणूस निघून गेला.

आणि अक्का, मी खाल्लं. काय सांगू तुला! तो कुपा नव्हता. म्हणजे असेल, लोबो खोटं बोलणार नाहीत. पण चव म्हणशील तर उकडलेल्या कापसाची. खानदेशात कापसाला काय तोटा? मी पुन्हा एक घास घेतला, डोळे मिटून घेतला, भाकरीशिवाय घेतला. कुठं तिरफळ नाही, कुठं विळीचा वास नाही. पण टाकवेना. सगळा संपवला, तळाशी पाणी होतं ते प्यायले. त्या शेवटच्या घोटात काहीतरी होतं, खारं. ते डब्यातलं होतं की माझंच नाकाडोळ्यांतून उतरलेलं, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

चुडामणभाऊंनी पाठमोऱ्यानंच विचारलं, "लागला का कुपा?" खोटं बोलणं सोपं होतं. त्यांच्या बोटाला बांधलेला रुमाल बघितला आणि खोटं बोलवेना. म्हटलं, नाही. त्यांनी बोटावरची गाठ आवळली. मग फार काळजीनं म्हणाले, "डबा चुकला का? तो लालवाला घ्यायचा होता का?" मला इतकं हसू आलं की उचकी लागली, आणि पांझरेचं पाणी प्यावं लागलं.

घरी आले ती सरळ गुलाबबाईंपुढं जाऊन उभी राहिले. शब्द मोडला नव्हता, तरी सांगितल्यावाचून त्यांच्या उंबऱ्याच्या आत यावं असं वाटेना. सगळं सांगितलं, भुसावळ, कपाट, नदी. त्यांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, ओकारी येते आहे. पण त्या हसत होत्या. "आठ वर्षं मी शेठना सांगते, ह्या बाई रविवारी खिडकीत उभ्या राहतात, काही तरी दुःख आहे. ते माशाचं होतं होय?" मग अंगणात पाणी तापवून दिलं, डोक्यावरून न्हायला लावलं, आणि ताटात गरम खिचडीवर तुपाची अशी धार सोडली की खिचडी दिसेनाशी झाली. असो.

इकडे थंडी बरी आहे. कपाटात आता सोळाच नमुने आहेत. तुझ्या तब्येतीची काळजी घे, गुडघ्यावर बसून सारवू नकोस, भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आणि बाबांना काय सांगायचं ते खाली लिहिते.

तुझी,
सुनंदा

ता. क. तू पत्र शेवटाकडून वाचतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून इथंच सांगते. चुडामणभाऊंना मी आता भाऊ म्हणत नाही. त्या दिवशी धुळ्याहून येताना, पारोळं सोडल्यावर, खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "एकट्या बाईला डबा उघडायला अडचण होते." मी एरंडोल येईपर्यंत काही बोलले नाही. एरंडोलला हो म्हटलं. फेब्रुवारीत नोंदणी करणार आहोत, साक्षीला हस्तीमलशेठ आणि गुलाबबाई. जात वेगळी आहे, मी एक्केचाळीस वर्षांची आहे, लोक काय म्हणतील ते तू मला लिहू नकोस, मी ते सगळं इथंच ऐकते आहे.

ता. क. दुसरा. त्यांनी समुद्र पाहिलेला नाही. मे महिन्यात देवगडला यावं असं मनात आहे, पण बोलावल्याशिवाय येणार नाही. जेवायची अडचण नाही, काळ्या वाटाण्याचं सांबारं त्यांना पुरेल.

ता. क. तिसरा, आणि हाच खरा. अक्का, हे पत्र बाबांना वाचून दाखव. दुपारी जेवण झाल्यावर, पडवीत, घाई न करता. त्यांनी ठरवलेलं ते स्थळ मोडून मी पहाटेच्या गाडीनं निघाले त्याला चौदा वर्षं झाली. आई गेली तेव्हा आले होते, तर समोर बसून त्यांनी तुझ्याकरवी विचारलं, तिला विचार चहा घेणार का. त्यांना सरळ पत्र लिहिलं तर ते उघडणार नाहीत. म्हणून हे तुला लिहिलं, आणि माझ्या कुवतीप्रमाणे हसण्यासारखं लिहिलं. तीनदा फाडून पुन्हा लिहिलं. सहीपर्यंत वाच. ते हसताना आवाज करत नाहीत, खांद्यावरचा पंचा तोंडाशी नेतात आणि खांदे हलतात, तेवढं बघ. हसले तर पुढचं वाच, फेब्रुवारीचंही वाच. नाही हसले तर घडी घाल, सुनंदा बरी आहे एवढंच सांग, आणि मला काही कळवू नकोस.

पण हसले, तर कुठं हसले, ते मात्र कळव.